नानांचा पाना आणि माझं सिंबल

आमच्या नानांना ढिला नट दिसला की जेवण जात नाही. गंमत नाही करत मी. लग्नानंतर पहिल्यांदा ते इंदिरानगरला माझ्या माहेरी जेवायला आले, तेव्हा ताट वाढून झालं होतं, आणि हे गृहस्थ टेबलाखाली शिरलेले. टेबल हलत होतं म्हणे. खिशातून पाना काढून त्यांनी चारही पाय आवळले, हात धुतले आणि मग शांतपणे बासुंदीची वाटी पुढे ओढली. माझे वडील वरणाचं भांडं धरून उभेच राहिले होते.

नाना म्हणजे माझे सासरे, कोंडाजी आहेर. देवळ्याजवळच्या खेड्यातून आयटीआय करून नाशकात आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. प्रेस मशीन, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर, जे जे हलतं ते ते न खडखडता हललं पाहिजे, एवढा एकच धर्म. रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की कोंडाजींनी आवळलेला नट आजवर कुणाला परत आवळावा लागला नाही. नानांनी आयुष्यात दुसरं कुठलं कौतुक लक्षात ठेवलेलं नाही. हे मात्र पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतात.

आणि अशा घरात मी सून म्हणून आले ती ड्रमसेट घेऊन! लोक कपाट आणतात, फ्रिज आणतात. मी टेम्पोतून पाच ड्रम, तीन सिंबलं, म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या धातूच्या थाळ्या, आणि स्टँडांचं हे एवढं गाठोडं उतरवलं. सासूबाई, वत्सलाबाई, दारात ओवाळायचं ताट धरून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे कुठं ठेवायचं गं बाई?" मयूरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मान खाली घातली. नाना मात्र गाठोड्यापाशी उकिडवे बसले, एकेक स्टँड उलगडला, सांधे हलवून बघितले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "लय नट हायेत याला," म्हणाले. त्या दिवसापासून माझा सेट लावणं, काढणं, पुसणं हे नानांचं काम. मला हात लावू द्यायचे नाहीत. मलाही बरंच होतं. मी वाजवायची, ते आवळायचे.

मग इरा झाली आणि माझं स्टेज सुटलं. हॉलच्या कोपऱ्यात सेट, वर चादर. मी शाळेत मुलांना ड्रम शिकवत राहिले, पण लोकांसमोर वाजवणं बंद. एक वर्ष, दोन वर्षं, करता करता सहा. घरात कुणी अडवलं नव्हतं. माझंच मन होत नव्हतं, आणि त्याचा राग मी सगळ्यांवर काढायचे. हो, मी तापट आहे, सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

यंदा सरोजिनीताईंचा फोन आला. नाशकात ज्यांनी ज्यांनी ऑर्केस्ट्रा ऐकलाय त्यांना ताई माहीत. त्यांच्या ऑर्केस्ट्राचे जुने ड्रमर मुलाकडे परदेशी गेले आणि जागा रिकामी झाली. "ये, ऐकव," म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. चौतिसावं वर्ष चालू आहे मला. ही जागा मिळाली तर परत स्टेज. नाही मिळाली तर मी कोपऱ्यावर परत चादर टाकणार होते आणि ती पुन्हा काढणार नव्हते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मला पक्कं माहीत होतं.

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये पहिली फेरी झाली. नानांनी नेहमीसारखा सेट लावून दिला. मी जीव तोडून वाजवलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "उज्वला, हात छान आहे तुझा. पण गाणं वर चढतं आणि तू सिंबल मारतेस, तिथं सगळं खाली पडतं. ताटलीवर डाव आपटल्यासारखं वाजतंय. तू आणि तो धवल नावाचा मुलगा, दोघंच उरलात. पुढच्या रविवारी या, मग ठरवते."

ताटलीवर डाव! सेट टेम्पोनं पाठवला, आणि घरी येईपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून बडबडत होते आणि नाना मुकाट चालवत होते. घरात पाय टाकल्याटाकल्या पर्स सोफ्यावर फेकली. सिंबल गेलं कामातून, म्हटलं. मेलं ते. धातूच थकला. नवीन घेतल्याशिवाय गत नाही. नानांनी हळूच विचारलं, "स्टँडाचा काही दोष नसंल ना?" मी फिस्कारले, "नाना, स्टँड काय करणार? स्टँड नुसतं धरून ठेवतो. आवाज असतो धातूत!" आणि खोलीत जाऊन दार लावलं. इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत होते मी, की आवाज धातूत असतो.

सोमवारी सकाळी पोहे करताना हॉलमधून टिंग असा आवाज आला. मग परत टिंग. जाऊन बघते तर नाना स्टुलावर बसलेले, डाव्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक सिंबलच्या स्टँडवर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली आणि उजव्या हाताच्या नखानं सिंबलवर टिचकी. कारखान्यात ते बेअरिंग असंच ऐकायचे. बाहेरून मशीन गरगरत असतं, पण स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला की आतली गोळी फुटलीय का, ग्रीस संपलंय का, सगळं कळतं. डॉक्टरची नळी आणि फिटरचा स्क्रू ड्रायव्हर सारखाच, असं ते नेहमी सांगतात.

"इकडं ये," म्हणाले. मूठ माझ्या कानाला लावली आणि टिचकी मारली. आईशप्पथ सांगते, दांडीतून धडाम असा आवाज कानात आला. सिंबल बाहेर नुसतं टक करून गप्प, आणि दांडीत केवढा कल्लोळ!

मग नानांनी वरचा दोन कानांचा नट पक्कडीनं धरला. हातानं तो फिरतच नव्हता. करकर करत तीन वेढे सोडला आणि परत टिचकी मारली. आता दांडी चिडीचूप. आणि सिंबल... सिंबल गायला लागलं हो! झणणण करत हॉलभर पसरलं, खिडकीपर्यंत गेलं, थांबेचना. मी पोहे विसरले. तिकडे ते करपले ते करपलेच.

नाना स्टुलावरून उठले नाहीत. म्हणाले, "आवाज वर राहतच नव्हता. दांडीत उतरायचा अन् तिथंच मरायचा. सिंबल चांगलं हाय, उज्वला. त्याचा गळा मी दाबलाय."

मला आधी कळेचना. मग नट काढून खालची लोकरीची चकती बघितली, तिला आम्ही फेल्ट म्हणतो. ती बोटाएवढी जाड आणि मऊ असायला हवी, म्हणजे सिंबल तिच्यावर झुलतं. माझी पापडासारखी झाली होती. कडक आणि चपटी, आणि कडेला हळदकुंकू!

हळदकुंकू बघितलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खंडेनवमी! दर वर्षी नाना हत्यारांची पूजा करतात. पाने, पक्कड, हातोडी, स्कूटर सगळं पुसून, गंध लावून, झेंडूची फुलं वाहून. आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी प्रत्येक यंत्राचा प्रत्येक नट एकदा आवळायचा. वर्षभर यंत्रानं साथ दिली, आता आपण त्याला घट्ट करून द्यायचं. सहा वर्षं माझा सेट कोपऱ्यात पडून होता, पण पूजेतून कधी सुटला नव्हता. दर खंडेनवमीला चादर निघायची, फुलं वाहायची आणि प्रत्येक नटाला अजून एक पीळ बसायचा. वाद्य बंद पडू नये म्हणून हो! सुनेनं कधी ना कधी परत वाजवावं म्हणून!

हे सगळं आत्ता मायेनं लिहितेय. त्या दिवशी मात्र मी ओरडले. "सहा वर्षं, नाना? सहा वर्षं तुम्ही माझं सिंबल दाबत होतात आणि मी समजत होते सिंबलच मेलं म्हणून!" नानांनी वर बघितलं. एकतीस वर्षांत ज्या माणसाला कुणी चूक दाखवली नाही त्याचे डोळे भरून आले होते. "माझी चूक हाय," म्हणाले. ते गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. मी नवीन सिंबल आणलं असतं आणि त्याचाही गळा दाबला गेला असता. ते मनात आलं तशी मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाना, चूक सापडली ना? आता काम सुरू."

आणि मग तो आठवडा! असा आठवडा आमच्या घरानं कधी बघितला नव्हता. नानांना आता सगळंच तपासायचं होतं. "तू म्हणती स्टँड काही करत नाय. मी म्हणतो करतो. ऐकून ठरवू." माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ते सिंबल कधी माझ्या जड, दुहेरी पट्ट्यांच्या पायांच्या चकाचक स्टँडवर चढवत, कधी कॉलेजच्या दिवसांतल्या हलक्या, एकेरी पट्ट्यांच्या पायांच्या स्टँडवर. मारत तेच, आणि मी ओळखायचं. दहा वेळा मारलं, माझी पाच उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. "बघा!" मी ओढणीतून ओरडले. मग नट कधी घट्ट, कधी सैल केला. दहाच्या दहा बरोबर! नाना खूश, मी खूश, खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी सोडून सगळे खूश.

पण खरी मजा पुढे झाली. डोळे बांधूनच मी काठी हातात घेतली आणि स्वतः वाजवलं. आणि कानाला जे कळत नव्हतं ते मनगटाला लगेच कळलं. हलका स्टँड थोडा मागे झुकतो, फटका झेलून घेतो, हाताला मऊ लागतं. जड स्टँड जागचा हलत नाही, काठी झटकन परत येते. सिंबल जरा तिरकं केलं की काठीची कड नीट बसते, अगदी आडवं ठेवलं तर कडेवर आपटून मनगट दुखतं. आणि ही मी, बारा वर्षं वाजवणारी, मुलांना शिकवणारी, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! आमच्या सरांनी हात शिकवला, स्टँड शिकवला नाही. शेवटी ठरलं, ठेका ज्याच्यावर धरायचा ते मोठं सिंबल जड स्टँडवर, आणि जोरात मारायचं ते जुन्या हलक्यावर. जो स्टँड मी भंगारात टाकायला निघाले होते तोच!

आता फेल्ट. दुकानात मिळतात, पण नानांना ती पसंत पडेनात. "चार दिवसांत बसंल ही." मग त्यांनी माळ्यावरून गावाकडची घोंगडी काढली. कात्री लावणार तोच सासूबाई किंचाळल्या, "अहो, चांगल्या घोंगडीला काय करता!" "चांगली हाय म्हणूनच," नाना म्हणाले आणि कापलीसुद्धा. चार घड्या घालून शिवल्या आणि मधोमध भोक पाडलं. दांडीचे आटे उघडे राहिले तर सिंबलचं भोक घासतं आणि करकरतं, म्हणून तिथं बसवायला पुतण्याकडून देवळ्याहून ठिबकच्या बारीक नळीचा तुकडा मागवला. कांद्याला पाणी देणारी नळी माझ्या सिंबलला नीट बसली. शनिवारी वाजवून बघितलं आणि मला हसूच आवरेना. माझंच सिंबल, पण ओळखू येईना.

एक गोष्ट मात्र नानांना फार जड गेली. नट सैल ठेवायचा म्हणजे तो पडणार. त्यांनी आतून रबराचं वायसर घातलं, तरी दर दहा मिनिटांनी त्यांचा हात नटाकडे जायचा. मी हातावर चापट मारायची. "नाना!" "बघत होतो नुसतं." बघत कसले, बोटं शिवशिवत होती.

रविवारी सकाळी अकराला हॉल. स्टेजवर दोन सेट शेजारी शेजारी, एक माझा आणि एक धवलचा. धवल चोवीस-पंचवीसचा, नांदगावचा. लग्नाच्या वरातीत पिकअपवर सेट बांधून वाजवतो. हात म्हणजे वीज, खोटं कशाला बोलू.

आधी माझा नंबर. गाणं चढलं, मी हात उचलला, मारलं. आणि ते उघडलं! सबंध हॉल भरून गेला. पुढच्या रांगेत बसलेल्या ताईंनी डोळे उघडले. मला आणखी काही नको होतं त्या क्षणी. सहा वर्षांचा सगळा राग हातातून निघून गेला आणि मी वाजवता वाजवता मोठ्यांदा हसत होते. संपलं तेव्हा गायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली येऊन नानांच्या शेजारी खुर्चीत बसले. जागा माझीच, असं मला वाटलं. तेवढ्यात धवलनं सेट तपासायला एकदा सिंबल मारलं आणि ते टक करून गप्प झालं. अगदी माझ्या जुन्यासारखं. मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली. हो, मारली. देव मला क्षमा करो.

आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

नाना! स्टेजच्या पायऱ्या चढून थेट धवलपाशी. मी तोंडावर हात ठेवला. "बाळा, एक मिनिट. हे पक्कडीनं आवळलंस का?" धवल म्हणाला, "हो काका, पिकअपवर खड्ड्यात नट पडतात ना." नानांनी खिशात हात घातला. आमची घोंगडीची उरलेली चकती! आमचीच नळी! दोन मिनिटांत त्याचं सिंबल मोकळं केलं, जरा तिरकं केलं, टिचकी मारून ऐकलं आणि समाधानानं परत येऊन बसले. मी दात आवळून कुजबुजले, "नाना, काय केलंत हे? तो माझ्यासमोर आहे, माझ्या बाजूनं नाही!" ते म्हणाले, "कळतंय मला. पण चुकीचं बसवलेलं मला बघवत नाय."

धवलनं वाजवलं. काय वाजवलं हो मेल्यानं! पहिल्या फटक्याला तो स्वतःच दचकला, मग खुलला, आणि असा काही सुटला की मी नखं तळहातात रुतवून बसले. ताई पुढे सरकून ऐकत होत्या. संपल्यावर त्या उठून स्टेजपाशी आल्या. मग म्हणाल्या, "दोघं बसा. एकच गाणं, एक कडवं उज्वला, एक कडवं धवल."

तेव्हा मला भीती वाटायची बंद झाली. कारण आता दोन्हीकडचं सिंबल सारखं बोलत होतं, लपायला काही जागाच नव्हती. मी गाणाऱ्या बाईंकडे बघून वाजवलं. त्या श्वास घ्यायच्या तिथं मी थांबले, त्या वर गेल्या तिथं उघडलं. धवलनं माझ्यापेक्षा जास्त वाजवलं, माझ्यापेक्षा वेगात वाजवलं. गाणं संपलं. ताई म्हणाल्या, "धवल, तुझ्यासारखा हात नाशकात दुसरा नाही. पण माझ्या गायकांना सांभाळून घेणारं माणूस हवंय मला. उज्वला, मंगळवारपासून तालमीला ये."

मी रडले. भर स्टेजवर, काठ्या हातात धरून रडले. धवल आला, माझं अभिनंदन केलं आणि नानांकडे वळून म्हणाला, "काका, चार वर्षं वाजवतोय. माझं सिंबल असं वाजतं हे मला आज कळलं." नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दर महिन्याला फेल्ट बघत जा म्हणून बजावलं.

परत येताना मी स्कूटरवर मागे बसले. मुंबई नाक्यापर्यंत काठ्या मांडीवर वाजवत राहिले. राग होताच, आणि आनंदही. सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "नाना, खरं सांगा. तो निवडला गेला असता तर?"

नाना म्हणाले, "तर तू मला लय बोलली असती."

"महिनाभर बोलले असते!"

"बोल की. मी ऐकलं असतं." सिग्नल सुटला, त्यांनी गिअर टाकला. "पण मी हात न लावता तू जिंकली असती, तर त्याचा नट आवळलेला मला दिसला होता, हे तुला कधीच सांगता आलं नसतं. घरात असं एक गुपित घेऊन कसं राहायचं मी?"

मी पुढे वाकले आणि भर रस्त्यात सासऱ्यांच्या पाठीवर डोकं टेकवलं. लोक बघत होते. बघू देत.